दान नव्हे, वर्गणी

आपल्या लोकांना 'दान' या शब्दाची चीड आहे. असायलाच पाहिजे. दारोदार भाकरी मागायला लावून गावाने त्याला रीत म्हटलं. देणारा ओट्यावर, घेणारा खाली. म्हणून वस्तीत अभ्यासिका बांधायचं ठरलं तेव्हा पहिल्याच बैठकीत मी म्हणालो, दान लिहायचं नाही. वर्गणी लिहा. वर्गणीत देणारा मालक असतो. तो हिशोब मागू शकतो.

आणि त्याने मागितलाच. पहिल्या दारात विचारलं, "मागल्या जयंतीचा हिशोब कुठंय?" दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात तर दारच उघडलं नाही. जुन्या मंडळींनी हिशोब दिलाच नव्हता. मग पावतीपुस्तक खिशात ठेवलं आणि महिनाभर जुनी बिलं शोधत फिरलो. मांडववाला, लाईटवाला, डीजेवाला. जेवढं सापडलं ते विहाराच्या भिंतीवर खडूने लिहिलं. जे सापडलं नाही तिथं 'सापडलं नाही' असंच लिहिलं. त्या दिवसापासून लोक बोलायला लागले.

आता आकडा. पत्रे, बाकं, लाईटचा मीटर, पुस्तकं धरून १,२०,००० रुपये. घरं १८०. पन्नास घरांची चूलच रोजावर पेटते, त्यांना मागायचं नाही, दिलं तर घ्यायचं. राहिली १३०. महिन्याला ५० रुपये, बारा महिने, म्हणजे ७८,०००. उरले ४२,०००. ते वस्तीतून शिकून नोकरीला लागलेल्या, कॉलनीत राहायला गेलेल्या २१ जणांकडून, प्रत्येकी २,०००. हे सगळं कागदावर मांडलं तेव्हा लोकांचा विश्वास बसला. नुसतं 'सढळ हाताने मदत करा' म्हटलं की हात सढळ होत नाही. किती, कधी, कशासाठी, ते सांगावं लागतं.

कधी, हे तर फार महत्त्वाचं. आम्हा गिरणीवाल्यांचा पगार सातच्या पुढं. बिगाऱ्यांचा शनिवारी. धुणंभांडी करणाऱ्या बायांचा एक तारखेनंतर. विडीवाल्या बायांचा हप्त्याला. वीस तारखेला दारात गेलं तर माणूस 'नाही' म्हणतो आणि ते 'नाही' त्यालाच लागतं. म्हणून यादीत नावापुढं पगाराचा दिवस लिहिला. समितीतल्या दहाजणांनी आधी आपल्या पावत्या फाडल्या. बँकेत खातं काढलं, तिघांपैकी दोघांच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही. दर रविवारी भिंतीवर जमा आणि खर्च.

कॉलनीत एकाने सोफ्यावर बसवून विचारलं, "तुमच्याकडे ८०-जी आहे का?" नव्हतं. संस्था नोंदलेली होती, पण आयकर खात्याची ती मंजुरी नव्हती. खरं सांगितलं. त्याने दिले नाहीत. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती त्या सोफ्यावर मला कळली. पण त्याच गल्लीत एका नर्सबाईने दोघांचे मिळून ४,००० दिले. सगळ्यांना एकाच काठीने हाणू नये.

मग निवडणूक आली आणि एक पुढारी आला. ५१,००० देतो म्हणाला. अट एकच, दारावर नावाचा आणि फोटोचा बोर्ड. पोरं हुरळली. सात-आठ महिन्यांची वणवण एका दिवसात संपत होती. बैठकीत आवाज चढले. विड्या वळणारी एक आजी मागं बसली होती. ती उठली. "त्येचा फोटू दारावर लावलासा, तर माजं ईस रुपये कुटं लावणार?"

कोणी बोललं नाही. ठराव झाला. घ्यायचे, पण पावती सगळ्यांसारखीच, बोर्ड नाही. निरोप गेला. पैसे आले नाहीत.

दोस्तहो, हे आपल्याला नवं नाही. 'मूकनायक' १९२० साली निघालं तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार दिले, तरी ते १९२३ मध्ये थांबलं. 'बहिष्कृत भारत' १९२७ ला निघालं, १९२९ मध्ये पैशाअभावी बंद पडलं. ते चालवायला बाबासाहेबांनी वाचकांपुढंच हात पसरला होता. आमच्या सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढलं. तिथं शिकलेल्या पोरांच्या पाठीमागं कुणाकुणाचे पैसे उभे होते, त्यांची नावं कोणाला पाठ आहेत? म्हणून पावतीचं अर्धुक जपा.

आमचं बाराचं काम चौदा महिन्यांत झालं. अभ्यासिका उघडली. भिंतीवर एकाही देणाऱ्याचं नाव नाही, पण वहीत सगळ्यांची आहेत आणि वही टेबलावर उघडी असते. आजीची नात तिथंच दहावीचा अभ्यास करते.

आता लाईटबिल दर महिन्याला येणार. म्हणजे वर्गणी संपलेली नाही. तुमच्या वस्तीत सुरू करणार असाल तर आधी जुना हिशोब भिंतीवर लिहा. मग पावतीपुस्तक छापा.