मोजदाद

आमची भाची गेल्या वर्षी डॉक्टर झाली. भोपाळच्या घरी पेढे वाटले गेले, कुलदेवतेला अभिषेक झाला, आणि लगोलग पुढचा प्रश्न निघाला: शस्त्रक्रिया की बालरोग? तिने शांतपणे सांगितले की दोन्ही नाहीत. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत तिला सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घ्यावयाची आहे. आमच्या मातोश्री गोव्याहून खाजे घेऊन आल्या होत्या. पुडा हातात तसाच धरून त्यांनी विचारले, “मागीर दुयेंतांक कोण पळयतलो?”

प्रश्न सर्वांच्याच मनात होता. रोगी तपासावयाचा नाही, औषध द्यावयाचे नाही, तर एवढी वर्षे तपश्चर्या कशासाठी केली? समजूत घालण्याचे काम वकील म्हणून आमच्याकडे आले. अशी कामे आम्हांस नेहमी फीवाचून करावी लागतात.

वायुकांडाची कायदेशीर बाजू आम्हांस मुखोद्गत होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडला. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. पुढे पावणेसहा लाखांच्या आसपास दावे मान्य झाले आणि त्यांतील बहुतेकांच्या हाती प्रथम २५,००० रुपये पडले. दावेदारांची वर्गवारी झाली ती कागदांवरून. ज्याच्याजवळ कागद नाही त्याचा खोकलाही नाही, असा आमच्या व्यवसायाचा रिवाजच आहे.

भाचीने सारे ऐकून घेतले आणि उलटतपासणी सुरू केली.

“मामा, तुमच्यासमोर एखादी बाई आली आणि म्हणाली की माझा गर्भ त्या वायूने गेला, तर तुम्ही काय विचाराल?”

“पुरावा विचारू. वायू नसतानाही काही गर्भ जातातच. हा वायूनेच गेला कशावरून?”

“म्हणजे ती हरली.”

“बहुधा.”

“आणि तिच्यासारख्या शेकडो आल्या, तर?”

आम्ही उत्तर दिले नाही. तिने एक निबंध पुढे ठेवला. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे दया वर्मा यांनी दुर्घटनेनंतर नऊ महिन्यांनी केलेल्या पाहणीचा तो वृत्तान्त होता, १९८७ साली प्रसिद्ध झालेला. कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ८६५ स्त्रिया त्या रात्री गरोदर होत्या. त्यांतील ४३ टक्के गर्भ जिवंत जन्मास आले नाहीत. जी ४८६ बालके जन्मली त्यांतील १४.२ टक्के तीस दिवसांच्या आत गेली. याच स्त्रियांच्या आधीच्या दोन वर्षांतील बाळंतपणांत हे प्रमाण तीन टक्क्यांपलीकडे नव्हते. याच स्त्रियांच्या, हे आम्ही दोनदा वाचले. साक्षीदार तेच, काळ तेवढा निराळा. याहून कडक उलटतपासणी आम्हांस कोर्टात क्वचितच साधली असेल.

साथरोगशास्त्र हे नाव मात्र आम्हांस खटकते. वायू ही काही साथ नव्हे. माणसे मोजणे, मग ज्यांस बाधा झाली नाही अशीही माणसे मोजणे, आणि दोहोंतील अंतर पाहणे, हे या विद्येचे खरे काम. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने भोपाळात ते आरंभिलेही होते: सुमारे ८०,००० बाधितांची आणि तुलनेसाठी सुमारे १६,००० इतरांची नोंद ठेवली होती. परिषदेने १९९४ साली हात आवरला, आणि पुढे वर्षानुवर्षे नावे गळत गेली. २०१० मध्ये पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संशोधनसंस्था भोपाळात स्थापन झाली. त्या गळालेल्या माणसांचा माग कोणी काढावा, हा भाचीचा ध्यास आहे.

एवढेच असते तर आम्ही तिला बुद्धिमान म्हणून गप्प बसलो असतो. पण ताईच्या सासूबाई हे सारे दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या रात्री त्या अठ्ठावीस वर्षांच्या, रेल्वे स्थानकाजवळच्या घरात. पाच वर्षांच्या मुलाला उचलून त्या तळ्याच्या दिशेने निघाल्या. नऊ दिवसांनी पोटातले गेले. ‘सातव्या महिन्यात जड उचललेस, म्हणून गेले,’ असे कोणीतरी वडीलधारे बोलले. कोणी पूर्वजन्मीचे भोग म्हटले. त्यांनी दोन्ही मानले आणि चाळीस वर्षे सोमवार केले.

“आज्जी, तुझे नेमके कशाने गेले हे या निबंधातून सांगता येणार नाही,” भाची म्हणाली. तिने खोटा दिलासा दिला नाही, हे आम्हांस विशेष वाटले. “पण इतक्या जणींनी काही मुले उचलली नव्हती.”

सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ पाहिला. इंग्रजी त्यांस येत नाही. आकडे तेवढे वाचीत असाव्यात.

“यात मी आहे का?”

“नाही. तुझ्याकडे कोणी आले होते का विचारायला?”

“कोणी नाही.”

भाचीने वही उघडली आणि तारीख घातली. वय, महिना, घर कोणत्या बाजूस, किती वेळ चालली, आधीची बाळंतपणे किती. आम्ही खुर्ची थोडी मागे घेतली. उत्तरे देऊन झाल्यावर सासूबाई उठू लागल्या, आणि पुन्हा बसल्या.

“शेजारच्या दोघीही लिही,” त्या म्हणाल्या. “एक आता इंदूरला असते. दुसरीच्या सुनेला विचारावे लागेल.”