वाढवलेला हात, जुना दाखला

पुण्याच्या चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं, भूगाव-भुकूम मागं पडलं आणि घाट उतरला की मुळशी तालुक्यातलं पिरंगुट येतं. घोटावडे फाट्याच्या आसपास, कासार आंबोली, भरे, उरवडे, लवळे या गावांच्या हद्दीत भाताच्या खाचरांना लागून कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत. कुठं फॅब्रिकेशन चालतं, कुठं मशीन शॉप, कुठं पॅकिंग. काम वेगवेगळं असलं तरी वजन उचलणारं काहीतरी बहुतेक शेडमध्ये असतंच. छताखालून पळणारी ईओटी क्रेन, खांबाभोवती फिरणारी जिब क्रेन, चेनपुली, फोर्कलिफ्ट. बाहेर रस्त्यावर साखळीला जॉब लटकवून सावकाश निघालेली हायड्रा क्रेन.

या सगळ्या यंत्रांना वर्षातून एकदा तरी कुणीतरी हात लावून पाहतं. कायदा त्याला ‘सक्षम व्यक्ती’ म्हणतो, शेडमध्ये तो ‘टेस्टिंगवाले साहेब’ असतो. त्याच्या बॅगेत व्हर्निअर, टॉर्च, खडू, ओळंबा, वायर ब्रश आणि छोटा हातोडा असतो. लोकांना वाटतं, तो आल्या आल्या हूक बघेल. या कामात मुरलेला माणूस आधी ताजा रंग शोधतो. क्रेनचा पिवळा रंग धूळ आणि ऑइलच्या वाफेनं मळकट होतो. त्यात वीतभर जागा लख्ख पिवळी दिसली की तिथं काहीतरी कापलंय किंवा जोडलंय, हे त्याला कळतं. मग तो शिडी मागतो.

अशा वेळी होणारं बोलणं बहुतेक ठिकाणी सारखंच असतं.

“साहेब, नवीन काही नाही. सीएनसी पलीकडे सरकवलं, तिथपर्यंत हूक पोचत नव्हता. जिब एक मीटर वाढवलाय फक्त.”

“कोणी वाढवला?”

“आपल्याच वेल्डरनं. हात चांगला आहे त्याचा, बघा ना.”

वेल्डरचा हात खरोखरच चांगला असतो. मणी एकसारखा, कुठं छिद्र नाही, कड खाल्लेली नाही. अडचण जोडाच्या पलीकडची असते. समजा, जिबचा हात 3 मीटरचा होता आणि क्षमता 1 टन. म्हणजे टोकाला पूर्ण वजन लावल्यावर खांबाच्या बुडाशी 3 टन-मीटरचा मरोड येत होता. हात 4 मीटर झाला, वजन तेच राहिलं, तर मरोड 4 टन-मीटर होतो. पाण्यानं भरलेली बादली अंगाजवळ धरली तर पेलते आणि हात लांब केला की खांद्यातून कळ येते, तसा हा हिशोब आहे. यंत्राच्या बाबतीत ती कळ पाया आणि त्यातले बोल्ट सोसतात आणि ते बोलत नाहीत. क्रेन बसवताना तिची चाचणी सव्वापट वजन लावून झालेली असते, म्हणजे 3.75 टन-मीटरला. वाढवलेल्या हातावर रोजचं 1 टन वजनच आता त्या चाचणीपेक्षा जास्त मरोड देतं. तोच सेक्शन पुढं वाढवला असेल तर टोकाचा झुकावही लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळपास 2.4 पट. हाताचं स्वतःचं वाढलेलं वजन यात अजून धरलेलंच नाही. जुन्या मरोडाच्या आत राहायचं तर या क्रेननं 750 किलोसुद्धा पूर्ण उचलता कामा नयेत.

हातावर मात्र अजूनही ठळक अक्षरांत ‘एसडब्ल्यूएल 1 टन’, म्हणजे सुरक्षित भार 1 टन, असं लिहिलेलं असतं. ऑफिसातल्या फाईलमध्ये सही-शिक्क्याचा दाखला असतो, त्याची मुदतही संपलेली नसते. तपासणाऱ्याच्या मनाला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. ज्या क्रेनचा तो दाखला आहे ती क्रेन गॅस कटर पेटला त्या दिवशी संपली. आता उभी आहे ती दुसरीच क्रेन आणि तिला कुणीही तपासलेलं नाही.

कायद्यानं याचा विचार फार पूर्वी केला आहे. कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 29 नं क्रेन, विंच, पुली ब्लॉक ही यंत्रं आणि साखळी, स्लिंग, हूक, शॅकल ही साधनं एकाच शिस्तीत आणली. दर 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी, तिची नोंदवही, प्रत्येक साधनावर ओळखखूण आणि सुरक्षित भार, आणि चाचणीखेरीज त्या भाराच्या वर एक किलोही नाही. माणसांच्या आणि मालाच्या लिफ्टसाठी कलम 28 होतं, तिथं मुदत 6 महिन्यांची होती. सखोल तपासणी म्हणजे काय तेही कायद्यानं सांगितलं: डोळ्यांनी पाहणं, गरज पडल्यास हातोड्याची चाचणी आणि खात्री पटत नसेल तर भाग खोलून बघणं. धड शॅकल हातोड्यानं खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. इतकी जमिनीवरची गोष्ट कायद्याच्या पुस्तकात आली, हे या व्यवसायातल्या माणसाला आजही आवडतं.

कलम 29 खाली राज्यांनी केलेल्या कारखाना नियमांत आणखी एक अट आली. जे यंत्र किंवा साधन लांब केलं, बदललं किंवा वेल्डिंग करून दुरुस्त केलं, ते पुन्हा वापरात घेण्याआधी त्याची नव्यानं चाचणी आणि तपासणी व्हायला हवी आणि तिचा दाखला घ्यायला हवा. जुन्या दाखल्याचे कितीही महिने उरलेले असोत. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार कायद्यांच्या चार संहिता लागू झाल्या आणि कारखाना अधिनियमाची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेनं घेतली. कलमांचे आकडे बदलले, तरी बदललेल्या यंत्राला नवी परीक्षा द्यावी लागते यामागचं कारण जुनं झालेलं नाही.

बदल म्हणजे फक्त मोठं कापकाम असं मात्र नाही. मुळशीच्या शेडमधून फिरताना बारीकसारीक बदलच जास्त भेटतात. शॅकलची पिन हरवली म्हणून घातलेला साधा बोल्ट. बेल्ट लांब पडतो म्हणून त्याला मारलेली गाठ, जिथं त्याची ताकद बरीच घटते. हूकची लॅच तुटली म्हणून हूकलाच वेल्ड केलेला तारेचा कान. मिश्रधातूच्या हूकला किंवा साखळीला कारखान्यात उष्णतासंस्कार देऊन ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेनं तो संस्कार त्या जागी बिघडतो आणि वरून काहीच दिसत नाही. हूक पुरेसा वर जात नाही म्हणून सरकवलेला लिमिट स्विच. बटणांचं लटकतं पेंडंट काढून बसवलेला रिमोट. यातली प्रत्येक गोष्ट कुणाची तरी खरी अडचण सोडवण्यासाठी केलेली असते. या जुगाडाला नावं ठेवून भागत नाही, त्यामागची अडचण ऐकून घ्यावी लागते.

फोर्कलिफ्टचं उदाहरण तर हमखास सापडतं. 3 टनाच्या फोर्कलिफ्टवर ती क्षमता काट्याच्या तोंडापासून 500 मिलिमीटरवर दिलेली असते. काट्यांवर घरी बनवलेला जिब चढवून हूक 1500 मिलिमीटर पुढं नेला आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून काट्याच्या तोंडापर्यंतचं अंतर साधारण अर्धा मीटर धरलं, तर 3 टनांचे दीड टन उरतात. त्यातून जिबचं वजन वजा करायचं. प्लेटवर मात्र 3 टनच राहतात आणि चालवणारा प्लेट वाचूनच वजन घेतो. अमेरिकेच्या फोर्कलिफ्ट नियमांत यासाठी थेट अट आहे: क्षमतेवर परिणाम करणारा बदल उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय करायचा नाही आणि केला तर प्लेटही बदलायची. आपल्याकडे एखाद्या शेडनं ही शिस्त आपणहून पाळली तर तिला कुणी अडवत नाही.

मग कागद कसा हवा? चांगली बदल-फाईल जाडजूड नसते. आधीचं आणि नंतरचं ड्रॉइंग. भाराचा हिशोब, त्यावर करणाऱ्याची सही. वापरलेल्या पोलादाचं प्रमाणपत्र. वेल्डरची पात्रता आणि जोडाच्या डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्टचा निकाल. पायाच्या बोल्टांचा वेगळा विचार, कारण तो सगळेच विसरतात. चाचणीचा अहवाल. शेवटी नवा सुरक्षित भार, नवी अक्षरं रंगवल्याची तारीख आणि जुना दाखला रद्द केल्याची नोंद. यातले पहिले दोन कागद काम सुरू होण्याआधी तयार हवेत. तेच नंतर तयार केले की हिशोब उत्तराकडून प्रश्नाकडे चालतो. क्रेन उभी आहे, रंग वाळलाय, डिस्पॅच खोळंबलाय, अशा वेळी ‘750 किलो’ हे उत्तर कुणालाच ऐकायचं नसतं.

चाचणीचा दिवस जवळून पाहण्यासारखा असतो. वजनं म्हणून शेडमधले भंगार ब्लॉक गोळा होतात. जाणकार तपासनीस ते आधी वजनकाट्यावर पाठवतो आणि काट्याची पावती अहवालाला जोडतो, कारण ‘अंदाजे सव्वा टन’ यावर सही करता येत नाही. मग जिबच्या टोकाला ओळंबा सोडून रिकाम्या हाताची पातळी टिपायची. वजन जमिनीपासून वीतभर उचलून तसंच धरायचं. ब्रेकच्या ड्रमवर खडूची रेघ मारलेली असते, ती सरकली की ब्रेक घसरतोय. झुकाव मोजायचा. हात खांबाभोवती फिरवून प्रत्येक दिशेला तेच करायचं, म्हणजे पायाच्या सगळ्या बोल्टांना पाळी येते. वजन उतरवल्यावर पुन्हा ओळंब्याकडे यायचं. हात पहिल्या पातळीवर परत आला तर ठीक, दोन मिलिमीटर खाली राहिला तर पोलादानं कायमची वाकण घेतली आहे आणि ती क्रेन नापास. या सबंध वेळात दोरीच्या आत तपासणारा आणि चालवणारा यांच्याशिवाय कुणी नको.

ही दोरी औपचारिक वाटते, पण ती जिवाची आहे. 1 ऑगस्ट 2020 रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये 70 टन क्षमतेची क्रेन चाचणी सुरू असतानाच कोसळली आणि 11 जणांचा जीव गेला. 31 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यातल्या सरलांबे इथं गर्डर बसवणारी यंत्रणा पडली, 20 जण गेले. उचलण्याच्या यंत्राचा अपघात खाली उभ्या असलेल्या सगळ्यांचा असतो. ज्यांनी बदल ठरवला ते बहुधा तिथं नसतात.

उरवडे हे नाव 7 जून 2021 नंतर राज्यभर माहीत झालं. तिथल्या एका रासायनिक कारखान्याच्या आगीत 17 कामगार गेले, त्यांत 15 महिला होत्या. त्या दुर्घटनेचा क्रेनशी संबंध नव्हता. पण मुळशीत बसून सुरक्षेच्या कागदांबद्दल लिहायचं तर ते गाव ओलांडून पुढं जाता येत नाही. त्या शेडांच्या वाटेनं जाणाऱ्या तपासनिसाला सही करताना ती माणसं आठवायलाच हवीत.

सहीची एक वाईट बाजूही या व्यवसायात आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. “फोटो पाठवा, सर्टिफिकेट उद्या मिळेल,” असं सांगणारे आहेत. त्यांचा दर कमी असतो, त्यांना शिडी लागत नाही, ओळंबा लागत नाही. महिनाअखेरीच्या घाईत असलेल्या छोट्या मालकाला ते सोयीचे वाटतात. फोटोत ताजा रंग दिसत नाही. असा दाखला कोरा राहिला असता तर बरं, इतका तो धोकादायक आहे, कारण त्याच्या भरवशावर ऑपरेटर निर्धास्त होऊन वजनाखालून जातो. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय सक्षम व्यक्तीला मान्यता देतं ती तिचं शिक्षण, अनुभव आणि तपासणीची साधनं बघून. जो माणूस यंत्रापर्यंत येतच नाही, त्याच्या बाबतीत या तिन्हीचा काही उपयोग होत नाही.

म्हणून मुळशीतल्या आणि कुठल्याही औद्योगिक पट्ट्यातल्या मालकांना, मेंटेनन्सच्या लोकांना एवढंच सांगणं आहे. क्रेनला, होइस्टला, फोर्कलिफ्टला काही जोडायचं किंवा कापायचं ठरलं की वेल्डरला हाक मारण्याआधी तपासणाऱ्याला फोन करा. काम सुरू होईल त्या क्षणी यंत्रावर ‘वापर बंद’चा टॅग लावा आणि नवा दाखला हातात येईपर्यंत तो काढू नका. भार कमी झाला असेल तर जुना आकडा त्याच दिवशी खरवडून नवा रंगवा. आणि पेंडंट हातात घेणाऱ्या मामांनो, दादांनो, ताईंनो, क्रेनच्या हातावरचा आकडा आणि दाखल्यावरचा आकडा एकच आहे का, हे विचारायचा हक्क तुम्हाला कायद्यानं दिला आहे. उत्तर मिळेपर्यंत वजन जमिनीवरच ठेवा.