दरवाजा वजनाने पडत नाही

ट्रकची बंद बॉडी बांधून घ्यायला आलेला मालक बिजागरी हातात घेतो, तोलून बघतो आणि विचारतो, "साहेब, ही किती वजन पेलेल?" प्रश्न रास्त आहे, पण निवड चुकायला सुरुवात होते ती इथूनच. साधा हिशेब करू. मागचा एक पल्ला 60 किलोचा, 1.2 मीटर रुंद. वरच्या आणि खालच्या बिजागरीत 2 मीटर अंतर. वजनाचा मध्य बिजागरीपासून 60 सेंटिमीटरवर धरला, तर उभ्या गाडीत वरच्या बिजागरीवर येणारी आडवी ओढ भरते फक्त 18 किलो. एवढं तर बाजारातली हलकी बिजागरीही हसत पेलते. तरीही पिना वाकतात, वेल्डिंग तडकतं, पल्ला खाली बसतो. म्हणजे दोषी दुसराच कुणीतरी आहे.

तो रस्त्यावर भेटतो. मी गणेशपुरीचा. इथून भिवंडीला जायचं तर वज्रेश्वरी, अंबाडी आणि पुढे वाडा रस्ता. त्या रस्त्याचे पावसाळ्यातले खड्डे ठाणे जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगायला नकोत. मागचं एक चाक खड्ड्यात उतरलं की चॅसिस पिळते. तिने पिळावं अशीच तिची बांधणी असते. पण तिच्यावर बसवलेला डबाही मग पिळतो. डब्याच्या पाच बाजू बंद असतात, मागची उघडी. साहजिकच सगळा तिरपेपणा मागच्या चौकटीत उतरतो आणि एक कर्ण लांबतो, दुसरा आखडतो. पल्ले नुसते बिजागऱ्यांवर टांगलेले असले, तर हा पीळ थेट पिनांवर येतो.

इथे उभा लॉक रॉड कामाला येतो. त्याच्या दोन्ही टोकांचे कॅम चौकटीवरच्या कीपरमध्ये शिरून पल्ल्याला चौकटीशी जखडतात. मग पल्लाच चौकटीला तिरपं होऊ देत नाही. जहाजावरच्या कंटेनरच्या पल्ल्यांवर दोन-दोन रॉड दिसतात, ते केवळ चोरासाठी नव्हेत. म्हणून माझा सल्ला असतो, पैसे आधी कॅम-कीपरवर घाला, बिजागरीचं नंतर बघू. त्यातही नुसता दाबून धरणारा कॅम वेगळा आणि आकड्यासारखा अडकून वर-खाली सरकू न देणारा वेगळा. कॅटलॉगच्या फोटोत दोन्ही जुळे भाऊ दिसतात. मी बंद पल्ल्यांवरून चौकटीपर्यंत खडूची आडवी रेघ ओढतो आणि मागचं एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवायला लावतो. रेघेचे तुकडे एकमेकांपासून किती सरकले, ते मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर घासाघीस निम्म्याने कमी होते.

बिजागऱ्या तीन किंवा चार असल्या, तर त्यांच्या पिना एका ओळीत असायला हव्यात. वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली जाते आणि मधली बिजागरी बाजूला पडते. अशा वेळी चार बिजागऱ्या दोनपेक्षा वाईट.

आता गोदाम. भिवंडीजवळ मानकोली, काल्हेर, दापोड्याला ट्रक डॉकला पाठ लावून उभा राहतो. पल्ले 270 अंश फिरून बाजूच्या पत्र्याला टेकायला हवेत, नाहीतर शेजारी लागणारा ट्रक त्यांना घेऊनच आत शिरतो. उघडा पल्ला धरून ठेवणारा हूक मोकळ्या कडेजवळ हवा. बरेच बॉडीबिल्डर तो बिजागरीजवळ लावतात. वारा सुटला की तेवढ्या लांब तरफेने पहिल्यांदा हूक जातो, मग पिन. आणि हँडल! ते उघडणार माथाडी कामगार, हातमोजे घालून, कधी कधी आतला माल पल्ल्यावर रेललेला असताना. हँडलमागे चार बोटं नीट मावत नसतील, तर तो लोखंडी पहार घालणार, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

गंजाबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती उलटी समजली जाते. ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यात स्टेनलेसचे चार बोल्ट एक वेळ चालतील, पण स्टेनलेसच्या बिजागरीला ॲल्युमिनियमचे रिव्हेट नकोत. ओल लागली की दोन धातूंत ॲल्युमिनियम झिजतं, आणि झिजणारा तुकडा जितका लहान तितका तो लवकर संपतो. मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. आणि लोहचुंबक लावून स्टेनलेस पारखणाऱ्यांनो, 202 ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. 304 हवं तर मिलचं सर्टिफिकेट मागा. दाराच्या कडेला पाणी अडवणाऱ्या रबराची परीक्षा सोपी: कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करायचं आणि पट्टी ओढायची. अलगद निघाली, तर तिथून पाणी येणार.

माणसांच्या दारांना कायदा आहे. केबिनच्या लॅचचे दोन टप्पे असतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पूर्ण बंद लॅचने लांबीच्या दिशेने 11,000 न्यूटन आणि आडव्या दिशेने 9,000 न्यूटन ओढ सोसायची. अर्ध्या टप्प्यावर 4,500. बसच्या आपत्कालीन दाराला अट अशी की ते आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडलं पाहिजे. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे बस डाव्या कुशीवर पडली. दार खाली दबलं, गाडी पेटली, 25 प्रवासी गेले. जे वाचले ते काच फोडून निघाले. त्यामुळे बसवाला आपत्कालीन हँडलला कुलूप मागतो, तेव्हा मी भाव सांगत नाही, नकार सांगतो. चोरी होते हे खरं. पण त्यासाठी डिक्कीला कुलूप लावावं. रेफ्रिजरेटेड गाडीच्या डब्यात आतून सुटणारी खिटी घालायलाही लोक कुरकुरतात. माणूस आत असताना दार लागू शकतं, हे त्यांना पटवावं लागतं.

मालवाहू ट्रकच्या पल्ल्याला मात्र कुणी असलं काही विचारत नाही, सगळा भार निवडणाऱ्यावर. शेवटी मी बिजागरीच्या भोकांचं माप बघतो. ते चालू मापाशी जुळणारं नसेल तर कितीही देखणा परदेशी माल असो, मी घेऊ देत नाही. पिन तुटते ती रात्री दोनला कसारा घाटात, आणि तेव्हा इगतपुरीच्या गॅरेजवाल्याकडे जे असेल तेच बसवावं लागतं.