आपल्या भावना दुखावतात तेव्हा

फेब्रुवारी १९८८. माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती. तरी वडिलांनी मला मुंबईच्या मोर्चाला नेले. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला होता, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यातल्या राम-कृष्णावरील परिशिष्टाने काहींच्या भावना दुखावल्या आणि ते काढून टाका अशी मागणी सुरू झाली. उत्तर म्हणून आपली लाखो माणसे रस्त्यावर उतरली. परिशिष्ट राहिले, शासन या मतांशी सहमत नाही, एवढी टीप त्याला जोडली गेली. परतताना वडील म्हणाले, "पटत नाही तर उत्तर लिहा ना. पानं फाडायला कशाला निघालात?"

हे वाक्य मी चोवीस वर्षे भाषणांत वापरले. मग मे २०१२ उजाडला.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते. संविधान म्हणजे गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेतलेले बाबासाहेब, आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला. मीही निदर्शनात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. त्याच दिवसांत पुस्तकाचे एक सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. ती बातमी ऐकून मला वाईट वाटले नाही. हे आज कबूल करतो.

त्या रात्री अकरावीतला भाचा पुस्तक घेऊन आला. "मामा, तुम्ही हे पान वाचलंय?"

वाचले नव्हते. चित्राखाली विद्यार्थ्यांना प्रश्न होता: संविधान सभेला इतका वेळ का लागला असावा? त्याचे उत्तर शोधताना मुलांना सभेतल्या चर्चेचे महत्त्वच कळणार होते.

आपला राग खोटा होता असे मी म्हणत नाही. ज्या वर्गात आपले पोर एकटे असते, तिथे बाबासाहेबांच्या मागे उगारलेला चाबूक पाहून बाकीची मुले हसतात, तेव्हा त्याला काय वाटते हे मला ठाऊक आहे. ते चित्र पुस्तकात असावे का, यावर वाद घालायलाच हवा होता. पण आपण वाद घातला नाही. 'काढून टाका' म्हणालो. १९८८ साली समोरचे तेच म्हणत होते.

मित्रांनो, 'भावना दुखावल्या' हे हत्यार कुणाच्या हातात शोभते ते बघा. पॅरिसमध्ये जानेवारी २०१५ मध्ये शार्ली एब्दोवरील हल्ल्यात १२ जण मारले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत व्यासपीठावर सलमान रश्दींवर चाकूने वार झाले, त्यांचा एक डोळा गेला. हल्लेखोराने नंतर सांगितले की त्याने ती कादंबरी जेमतेम दोन पाने वाचली होती. आपल्याकडे दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश यांना गोळ्या घातल्या गेल्या. धर्म वेगवेगळे, पण चीड एकच: हा माणूस प्रश्न विचारतो.

आणि भावना दुखावणे हाच गुन्हा ठरला, तर पहिले आरोपी आपण. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा महाडच्या सनातन्यांच्या भावनाच दुखावल्या. म्हणून त्यांनी आपल्या माणसांना मारले आणि तळे 'शुद्ध' केले.

कुणी म्हणेल, मग तुम्ही मनुस्मृती का जाळली? त्या ग्रंथाच्या नावाने माणसांना पाणी नाकारले जात होते, म्हणून जाहीरपणे एक प्रत जाळली. कुणाच्या अंगाला हात लावला नाही. पुढे बाबासाहेबांनी तोच ग्रंथ श्लोकाश्लोकाने वाचून त्याची चिकित्सा केली. निषेध आणि तोंडबंदी यात हा फरक आहे. तसाच फरक विचारावरची टीका आणि जातीवरून माणसाला दिलेली शिवी यातही आहे. शिवीसाठी अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा हवाच. टीकेसाठी मात्र लेखणी.

दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात हेच आहे. राजगृह-नालंदा वाटेवर एक परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघाची निंदा करतो. तथागत भिक्खूंना सांगतात की रागावू नका. रागावलात तर तो खरे बोलला की खोटे हेच तुम्हाला कळणार नाही. जे खोटे असेल ते का खोटे आहे, हे दाखवून द्या. ही शिकवण ज्यांच्या निंदेबद्दल आहे ते स्वतः बुद्ध आहेत. त्यांच्यापेक्षा आपण अधिक दुखावले जाणार का?

आता आमच्या विहारात एक नियम आहे. निषेधाचे निवेदन लिहिण्याआधी ते पान मोठ्याने वाचायचे, सगळ्यांसमोर. दोनदा असे झाले की वाचल्यावर निवेदनाऐवजी लेख लिहिला गेला. एकदा निवेदनच दिले, आणि ते योग्यच होते. पण तेव्हा आपण कशाचा निषेध करतोय, हे प्रत्येकाला माहीत होते.

जय भीम!