जॉबचा रेट आणि वीस वर्षं

10 फेब्रुवारी 2025, सोमवार. चिखली

कुदळवाडीत शनिवारपासून महापालिकेचे जेसीबी चालू आहेत. भंगाराची गोदामं, पत्र्याचे शेड, लहान वर्कशॉप, जे समोर येईल ते. आमचं लेथकामाचं शेड त्या पट्ट्यात नाही, पण स्क्रॅप उचलणारा गायब झालाय आणि टर्निंगच्या चुऱ्याची पोती दारापर्यंत आली आहेत.

रात्री भाचीचा फोन आला. मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्रयोगशाळेत ती स्तनाच्या कॅन्सरवर काम करते. तिचा पगार अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या, म्हणजे एनआयएचच्या अनुदानातून निघतो. शुक्रवारी एनआयएचनं फर्मान काढलं की यापुढे संस्थांना अप्रत्यक्ष खर्चापोटी 15 टक्क्यांच्या वर छदाम मिळणार नाही. मोठ्या संस्थांना आजवर 50-60 टक्के, कुठे त्याहूनही जास्त मिळत आले.

हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे जॉबचा रेट देणार, लाइट बिल तुमचं तुम्ही बघा."

शेडचा हिशेब मीच लिहिते, त्यामुळे दुसऱ्या कुणी समजावायची गरज पडली नाही. भाडं, कॉम्प्रेसर, वॉचमन हे कुठल्याच एका जॉबवर पडत नाहीत, पण त्यांच्याविना एकही जॉब निघत नाही. तिच्याकडे त्या जागी उणे 80 अंशांचे फ्रीझर आहेत, उंदरांची देखभाल आहे, कचऱ्याची विल्हेवाट आहे आणि रुग्णांच्या संमतीचे कागद तपासणारं कार्यालय आहे.

15 मार्च, शनिवार

त्या 15 टक्क्यांना कोर्टाने स्थगिती दिली. मी आनंदाने फोन केला, तर भाची थंडच. "मावशी, कोर्टाचं काहीही होवो, इथे सगळ्यांनी हात आखडते घेतलेत." यूमास चॅन या वैद्यकीय विद्यापीठाने पीएचडीला दिलेले प्रवेशच मागे घेतल्याची बातमी तिने पाठवली. मुलांनी दुसरीकडच्या जागा सोडल्या असतील, घरी पेढे वाटले असतील.

तिच्या प्रयोगशाळेत भरती बंद आहे. टेक्निशियन सोडून गेला, त्याची जागा भरायची नाही असं वरून आलंय. त्यामुळे रविवारी पेशींना खाद्य घालायला तीच जाते. पेशींना सुट्टी नसते. माध्यम बदललं नाही तर मरतात, आणि काही महिन्यांचं काम त्यांच्याबरोबर जातं.

6 एप्रिल, रामनवमी

जाधववाडीच्या काकू सुंठवडा घेऊन आल्या. त्यांचं आयुष्य मुंबईच्या वस्तीत गेलं, मुलाला इकडे कंपनीत नोकरी लागली तशा चिखलीत आल्या. भाचीचा विषय निघाला तर म्हणाल्या, "टाटाची माणसं आमच्याकडे यायची की. व्हिनेगर लावून तपासायची."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. दोन ताया पिशव्या घेऊन दारोदार फिरायच्या. पहिल्यांदा सासूने उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं. आजार नाही तर तपासायचं कशाला? ताया पुन्हा आल्या, चहा प्यायल्या, सासूलाच आधी समजावलं. जवळच तपासणी असायची. गर्भाशयाच्या मुखाला ते व्हिनेगर लावायचं, एखाद्या मिनिटात पांढरा डाग उमटला तर पुढे परळला टाटात पाठवायचं. काकूंना काही निघालं नाही. त्यांच्या गल्लीतल्या एकीला निघालं. तिचे उपचार फुकट झाले, ती आजही आहे. "दर दोन वर्षांनी यायच्या बघ. आम्ही विसरायचो, त्या नाही."

रात्री शोधून वाचलं. टाटा मेमोरियलने 1998 मध्ये सुरू केलेला हा अभ्यास. झोपडवस्त्यांतल्या 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रिया त्यात होत्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हेत, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका. व्हिनेगर म्हणजे 4 टक्क्यांचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. बारा वर्षांनी हिशेब लागला, तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी निघाले. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी 2013 मध्ये शिकागोच्या परिषदेत हे मांडलं.

सगळं गोड नव्हतं. अर्ध्या बायकांना फक्त माहिती दिली, तपासणी नाही. तुलना करायला तो गट लागतो, पण त्यावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. काकूंचं नशीब की त्यांची वस्ती तपासणीच्या बाजूला पडली.

खाली पैसा कुणाचा ते छापलं होतं. अमेरिकेची राष्ट्रीय कॅन्सर संस्था, म्हणजे एनआयएचचाच भाग. भाचीचा पगार आणि काकूंच्या दारात आलेल्या ताया, दोन्ही एकाच तिजोरीतून.

4 मे, रविवार

गुरुवारी एनआयएचचा नवा नियम आला. अमेरिकन संस्थांनी आपल्या अनुदानातला वाटा परदेशी संस्थांना द्यायचा तो नवी पद्धत ठरेपर्यंत बंद. शुक्रवारी पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाचा प्रस्ताव आला, एनआयएचला सुमारे 40 टक्के कात्री. हा प्रस्ताव आहे, तिथली संसद ठरवेल. पण माणसं त्याआधीच दुसऱ्या वाटा शोधायला लागतात.

यांचं म्हणणं, त्यांचा पैसा, त्यांची मर्जी. खरंच आहे. पण त्याच मुंबईच्या अभ्यासात स्तनाची हाताने तपासणीही होती. तिचा निकाल 2021 मध्ये, वीस वर्षांनी आला. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही. कुठे पैसे घालावेत आणि कुठे घालू नयेत, दोन्ही कळलं. दहाव्या वर्षी कुणी हात काढून घेतला असता तर यातलं काहीच हाती लागलं नसतं, आणि दहा वर्षांचा खर्च मात्र वहीत राहिला असता. औषध बंद झालं तर रुग्ण दिसतो. अभ्यास बंद झाला तर कुणाचं नुकसान झालं ते कधीच कळत नाही, म्हणून कापायला तोच सोपा.

19 जून, गुरुवार

तुकोबांची पालखी आज आकुर्डीत, माउलींचं प्रस्थान आळंदीहून. रस्ते बंद, शेडही बंद. भाचीशी निवांत बोलता आलं.

"इकडे ये ना," मी म्हटलं. तिने हसून आकडा ऐकवला. आपला देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च करतो. तिकडून सुटलेल्यांना इकडे झेलायला एवढी झोळी कशी पुरणार? तरी आशा वाटावी असंही तिनेच सांगितलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून उभी केलेली कार-टी उपचारपद्धती, नेक्सकार19, हिला 2023 मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडायच्या. अमेरिकेत याला कोट्यवधी रुपये पडतात, इथे काही लाखांत होतं. त्यात आपल्या सरकारचा पैसा होता, आणि सुरुवातीचे धडे तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या डॉक्टरांनी दिले होते. ज्ञान असं हातोहात येतं. देणाऱ्याच्याच हाताला कात्री लागली तर पुढच्या घेणाऱ्याने कुठे जायचं?

24 ऑगस्ट, रविवार

गुरुवारी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारला एनआयएचची रद्द केलेली अनुदानं तूर्त रद्दच ठेवायला मुभा दिली. भाचीच्या प्रमुखांचं अनुदान त्या यादीत नाही, पण नूतनीकरण अडकलंय. तिचा करार डिसेंबरपर्यंतच. व्हिसा नोकरीला बांधलेला. एका औषध कंपनीत मुलाखत झाली आहे, काम वेगळंच. नोकरी मिळाली तर घ्यावी, असं मीच म्हटलं. घरभाडं प्रयोगाची वाट बघत नाही.

मग तिच्या अभ्यासातल्या रुग्ण बायकांचं विचारलं. दर सहा महिन्यांनी रक्त द्यायला त्या लांबून गाडी चालवत येतात, वर्षानुवर्षं. काहींचा आजार गेलाय, तरी येतात. आपल्या मुलींच्या उपयोगी पडेल म्हणून.

"त्यांना कोण फोन करणार आता?"

"माहीत नाही गं मावशी. महिनाभर फोन गेला नाही तर लोक यायचे थांबतात. तुटलेली तारीख मागाहून भरता येत नाही."

इकडे पावती हरवली तरी बँकेतून उतारा काढून आम्ही वर्षाअखेर ताळेबंद जुळवतोच. तिच्याकडे ती सोय नाही. मी एवढंच म्हटलं, जाण्याआधी सगळ्या वह्या नीट लिहून ठेव, नव्या माणसाला तू न सांगता कळेल अशा.

"लिहितेच आहे. फक्त नवा माणूस घ्यायची परवानगी कुणाकडे नाही."