सीझन संपल्यावर

फेब्रुवारीत समुद्रावर? मिलानच्या ऑफिसातल्या मंडळींनी मला वेड्यातच काढलं. पण पुण्याहून सहा आठवड्यांसाठी क्लायंटकडे आलेली मी उन्हाळ्यापर्यंत कुठे थांबणार होते? वीकेंड मोकळा होता, तिकीट स्वस्त होतं. विमानानं पालेर्मो, तिथून तासाभराची ट्रेन, की आलं सिसिलीतलं चेफालू.

फोटोतलं चेफालू म्हणजे रंगीत छत्र्या आणि पाय ठेवायला जागा नसलेला बीच. प्रत्यक्षात तिथे मी, दोन कुत्री आणि भन्नाट वारा! निम्म्या हॉटेलांची शटर्स खाली. दारावर कागद चिकटवलेले, ‘सुट्टीनिमित्त बंद’. म्हटलं, फसलो आपण.

पाऊस आला म्हणून कॅथीड्रलमध्ये शिरले. राजा दुसरा रॉजर यानं ११३१ मध्ये बांधायला घेतलेलं. समोर सोनेरी मोझॅइकमधला भलामोठा ख्रिस्त. हातात उघडं पुस्तक, त्यात एका पानावर ग्रीक, दुसऱ्यावर लॅटिन. बघणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि जपमाळ ओढणारी एक आजी. पुढे गल्लीत पायऱ्या उतरून गेलं की जुना धोबीघाट लागतो. दगडी टाक्या, भिंतीतल्या सिंहांच्या तोंडातून पडणारं पाणी. सीझनमध्ये त्याचा आवाज तरी ऐकू येत असेल का?

बंदराजवळ एकच कॅफे उघडा होता. ‘सिनेमा पॅराडिसो’ या १९८८ च्या सिनेमातला समुद्रकाठच्या उघड्यावरच्या थिएटरचा सीन इथलाच. मालक दारात बसून खुर्च्यांना निळा रंग देत होता. शेजारी म्हातारे पत्ते कुटत होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, “ऑगस्टमध्ये मला आईशी बोलायलाही वेळ नसतो. आत्ता रोज दुपारी तिच्याकडे जेवतो.”

आणि मला एकदम बाबा दिसले. खुर्च्या रंगवणारे.

दापोलीजवळ आमचं घर आहे, समुद्रापासून पाच मिनिटांवर. पर्यटकांसाठी ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’. मी घरी जाते ती दिवाळीत, नाहीतर नाताळात किंवा मेमध्ये. म्हणजे बरोबर गर्दीत! सगळ्या खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, मी स्वयंपाकघरात गादी टाकून. आई मोदक वळता वळता विचारते, “जेवलीस?” उत्तर ऐकायच्या आत कुणीतरी सोलकढी मागतं. ‘यांना माझ्यासाठी वेळच नाही’ ही माझी कायमची तक्रार.

पण दर जूनला बाबांचा फोन येतो, “आता ये गो. मोकळे आहोत.” आणि मी म्हणते, “पावसात काय करू तिथे? लाइट नसते, नेटवर्क नसतं.” आठ वर्षं झाली. झापांनी झाकलेल्या होड्या, पडवीत गप्पा मारत बसलेली आई, काही काही पाहिलं नाही. सिसिलीतल्या परक्या गावाचा ऑफ-सीझन बघायला मात्र विमानानं आले!

तिथूनच फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज होता.

“बाबा, जुलैत येते. चांगली आठवडाभर.”

“जुलैत? अगं, पाऊस असतो.”

“माहितेय.”

ते जरा थांबले. मग म्हणाले, “वरची खोली रिकामीच असते तेव्हा. समुद्राकडची.”