कुंभार्लीच्या घाटांत

वैशाखांत मुलांना घेऊन पुण्याहून मोटारीनें निघावयाचें व सूर्यास्तापूर्वीं गुहागरचा समुद्र गांठावयाचा, असा आमचा बेत होता. पाटण, कोयनानगर सुखरूप मागें पडलीं. कुंभार्लीचा घाट उतरूं लागतांच मात्र धाकटीस वांत्या सुरू झाल्या. तीनदां थांबलों. चवथ्या खेपेस ती ग्लानींत पडली, पाणीहि पोटांत ठरेना. तेव्हां आम्ही चरकलों. सावलींत गाडी उभी करून मीठसाखरेचें पाणी चमच्याचमच्यानें पाजीत तासभर बसलों. (समुद्राची घाई मुलांना कसली? ती आमचीच!) कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस आणून, वीज करून, वाशिष्ठींत कसें सोडतात, हें थोरल्यास सांगत असतां धाकटी पुटपुटली, "आई, भूक लागली." मुक्काम चिपळुणासच केला.